द्यायला सढळ, काढायला हात आखडता : एफआरआरमधल्या बीजीपी एक्स्टेंडेड कम्युनिटी

एफआरराउटिंग, म्हणजे सगळे ज्याला नुसतं एफआरआर म्हणतात ते राउटिंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, साध्या लिनक्स सर्व्हरवर चालतं आणि थोडी मेहनत घेतली तर एमपीएलएस व्हीपीएनचा (एकाच जाळ्यावरून लेबलं लावून अनेक ग्राहकांचं ट्रॅफिक वेगवेगळं नेण्याची सोय) पीई राउटर, म्हणजे ग्राहकाला जोडणारा टोकाचा राउटर, म्हणून कामाला लावता येतं. २०१७ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ते जाहीर झालं. त्याचं मूळ क्वागामध्ये आणि त्याही मागे झेब्रामध्ये आहे. सोनिक, व्हायओएस, क्युम्युलस या राउटर-स्विचांच्या ऑपरेटिंग सिस्टिमांच्या पोटात हेच आहे. म्हणजे नाव न घेताही बऱ्याच जणांच्या रॅकमध्ये ते आधीपासून चालू असतं.

हे परीक्षण सगळ्या एफआरआरचं नाही. डेबियनवर दहाव्या मालिकेतलं एफआरआर घेतलं आणि एक्स्टेंडेड कम्युनिटी, म्हणजे बीजीपीत (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची भाषा) रूटवर चिकटवल्या जाणाऱ्या खुणा, वापरून कुठला रूट कुठे जावा हे ठरवायचं म्हटलं, तर माल कसा आहे, एवढंच बघायचं आहे. थोडक्यात मत असं: जे लागतं ते जवळपास सगळं आहे, पण याचा मूळ स्वभाव रूटला चिकटवत जाण्याचा आहे. सोलून काढायचं काम तुमच्यावर सोडलेलं असतं. हे ओळखून पॉलिसी लिहिली तर हे पीई म्हणून भरवशाचं आहे. सिस्कोची सवय घेऊन थेट कॉन्फिग मारली, तर एका ग्राहकाचे रूट दुसऱ्याच्या टेबलात दिसू शकतात.

उजळणी दोन ओळींत. साधी कम्युनिटी ३२ बिटांची असते. एक्स्टेंडेड ८ बाइटांची असते: पहिले दोन बाइट प्रकार सांगतात, उरलेल्या सहांत किंमत. आरएफसी ४३६० या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात २००६ साली हे ठरलं. त्यातला रोजच्या कामाचा प्रकार म्हणजे रूट टार्गेट (आरटी, रूट कोणाच्या टेबलात जावा ते सांगणारं), त्यानंतर साइट ऑफ ओरिजिन (एसओओ, रूट कुठल्या साइटवरून आला ते), मग लिंक बँडविड्थ (रस्त्याची क्षमता). प्रकाराच्या पहिल्या बाइटात एक बिट असा आहे की तो लागलेला असेल तर ती कम्युनिटी एएसच्या (एकाच संस्थेच्या जाळ्याच्या) हद्दीबाहेर जात नाही. रूट टार्गेटला तो बिट लागलेला नसतो, म्हणून ते बाहेर जातं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी लिनक्सची बाजू, कारण अर्ध्या तक्रारी एफआरआरच्या नावावर येतात आणि दोष कर्नलच्या सेटिंगचा निघतो. व्हीआरएफ, म्हणजे एकाच डब्यातलं प्रत्येक ग्राहकाचं वेगळं राउटिंग टेबल, कर्नल ४.३ पासून आहे, त्यामुळे आजच्या कुठल्याही डेबियनवर काळजी नाही. व्हीआरएफ बनवलात, त्याला टेबल १००१ दिलंत, इंटरफेस त्यात टाकलात, की काम झालं असं वाटतं. तसं नसतं. त्या टेबलात पत्ता सापडला नाही तर लुकअप पुढच्या नियमांवरून घसरत मुख्य टेबलापर्यंत जातो, आणि ग्राहकाचं पॅकेट तुमच्या मुख्य राउटिंगने बाहेर पडतं. म्हणून प्रत्येक व्हीआरएफच्या टेबलात 'अनरीचेबल डीफॉल्ट' हा रूट ४२७८१९८२७२ या मेट्रिकने टाकायचाच. आकडा विचित्र दिसतो, पण तो कर्नलच्या दस्तऐवजातलाच आहे. इतका मोठा ठेवला की खरा डीफॉल्ट रूट आला तर तोच जिंकतो. दुसरं, इंटरफेस व्हीआरएफमध्ये टाकताना तो खाली जाऊन परत वर येतो आणि त्यावरचे आयपीव्ही६ पत्ते उडतात. 'कीप-ॲड्रेस-ऑन-डाउन' हे सिसकंट्रोल आधीच १ करून ठेवा, नाहीतर पत्ते नंतर द्या.

एमपीएलएससाठी 'एमपीएलएस राउटर' आणि 'एमपीएलएस आयपीटनेल' ही दोन मॉड्यूल लोड करायची, 'प्लॅटफॉर्म लेबल्स' हा आकडा शून्यावरून वर न्यायचा (१००००० पुरे), आणि कोअरकडच्या (जाळ्याच्या आतल्या बाजूच्या) प्रत्येक इंटरफेसवर एमपीएलएस इनपुट चालू करायचं. शून्य तसाच राहिला तर बीजीपीत सगळं हिरवं दिसतं, रूट येतात, लेबलंही दिसतात, पण पॅकेट हलत नाही. दोन लेबलं म्हणजे ८ बाइट, तेव्हा कोअर लिंकचं एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५०८ किंवा जास्त हवं. कोअरमध्ये एलडीपी (राउटरांत लेबलं वाटणारा प्रोटोकॉल) नसेल तर रूट-मॅपमध्ये (रूटसाठीच्या अटी आणि बदलांची यादी) 'सेट एल३व्हीपीएन नेक्स्ट-हॉप एन्कॅप्सुलेशन जीआरई' करून जीआरईच्या बोगद्यावरून भागवता येतं. थेट जोडलेल्या ईबीजीपी (दुसऱ्या एएसमधल्या) शेजाऱ्यासाठी इंटरफेसवर 'एमपीएलएस बीजीपी फॉरवर्डिंग' लागतं. यांपैकी काहीच नसेल तर नेक्स्ट-हॉपपर्यंत लेबलचा रस्ता मिळत नाही आणि रूट वापरात येत नाही.

आता मुख्य कॉन्फिग. मूळ बीजीपी इन्स्टन्स आधी असायलाच हवा, व्हीपीएनचं टेबल त्याच्याकडे असतं. मग व्हीआरएफचा:

राउटर बीजीपी ६४५०० व्हीआरएफ रेड
 ॲड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ युनिकास्ट
  लेबल व्हीपीएन एक्स्पोर्ट ऑटो
  आरडी व्हीपीएन एक्स्पोर्ट ६४५००:१
  आरटी व्हीपीएन बोथ ६४५००:१००
  एक्स्पोर्ट व्हीपीएन
  इम्पोर्ट व्हीपीएन

वाचायला सुटसुटीत आहे, आणि इथे एफआरआरला पूर्ण गुण. आरडी आणि आरटी एकाच ठिकाणी दिसतात, त्यामुळे नवख्याचा नेहमीचा गोंधळही समोरच सुटतो: आरडी (रूट डिस्टिंग्विशर) प्रीफिक्सला, म्हणजे पत्त्यांच्या गटाला, वेगळं करण्यापुरता असतो, कोणाच्या टेबलात जायचं ते आरटी ठरवतं. आरडी किंवा आरटी यांतलं एक जरी राहिलं तरी एक्स्पोर्ट होत नाही, आणि त्याबद्दल पडद्यावर काही उमटत नाही. 'डीबग बीजीपी व्हीपीएन लीक-फ्रॉम-व्हीआरएफ' लावलं की लॉगमध्ये कारण येतं. तिथेच आणखी एक चोरखड्डा दिसतो: एक्स्पोर्टला रूट-मॅप लावला आणि नावात अक्षर चुकलं, तर 'रूट-मॅप सेट आहे पण डिफाइन नाही' अशा अर्थाची नोंद येते आणि त्या व्हीआरएफचं सगळं एक्स्पोर्ट थांबतं. थांबणं बरोबरच आहे, उघडं सोडण्यापेक्षा बरं. पण कमांड मारताना तिथल्या तिथे एखादा इशारा द्यायला काय हरकत होती?

एकाच डब्यावर दोन व्हीआरएफ जोडायचे असतील तर 'इम्पोर्ट व्हीआरएफ ब्लू' अशी एक ओळ पुरते, आरडी-आरटी ते स्वतः काढतं. सोय छान आहे. मात्र ती वापरली की वरची 'व्हीपीएन' वाली कॉन्फिग त्याच व्हीआरएफवर चालत नाही, आधी 'इम्पोर्ट व्हीआरएफ' काढा असा निरोप येतो. पुढेमागे दुसरा पीई येणार असेल तर पहिल्या दिवसापासून आरटीचाच रस्ता धरावा.

हब-स्पोकही (सगळ्या शाखा मधल्या एका केंद्रातूनच बोलतात ती रचना) दोन ओळींचं काम आहे. हबवर 'आरटी व्हीपीएन एक्स्पोर्ट ६४५००:२००' आणि 'आरटी व्हीपीएन इम्पोर्ट ६४५००:२०१', स्पोकवर नेमकं उलट. स्पोकवर सवयीने 'बोथ' लिहिलं गेलं तर स्पोक एकमेकांना थेट दिसू लागतात आणि हबवरच्या फायरवॉलला वळसा पडतो. हबने इम्पोर्ट केलेले रूट पुन्हा व्हीपीएनमध्ये एक्स्पोर्ट होत नाहीत. स्पोक ते स्पोक ट्रॅफिक हबवरून न्यायचं असेल तर हबकडून डीफॉल्ट किंवा एकत्रित प्रीफिक्स सोडावा लागतो.

आता खरी गोम. सिस्को आयओएसमध्ये 'सेट एक्स्टकम्युनिटी आरटी' लिहिलं की जुनी रूट टार्गेटं जातात आणि नवीन बसतं. जुनी ठेवायची असतील तर शेवटी 'ॲडिटिव्ह' जोडावं लागतं. एफआरआरमध्ये 'ॲडिटिव्ह' हा शब्दच नाही, कारण ते नेहमीच मिळवतं. रूटवर ६४५००:१०० असेल आणि तुम्ही ६४५००:३०० सेट केलंत, तर दोन्ही राहतात आणि रूट दोन्हीकडे जातो. आयओएसमधून उचललेली पॉलिसी इथे जशीच्या तशी घातली तर चूक दिसत नाही, कारण नवीन ठिकाणी रूट पोचलेला असतो. जुन्या ठिकाणीही तो पोचतोच आहे, हे कोण बघतं?

हीच वृत्ती एक्स्पोर्टमध्येही आहे, आणि तिथे ती जास्त महागात पडते. व्हीआरएफमधून व्हीपीएनमध्ये रूट जाताना आधी एक्स्पोर्टचा रूट-मॅप लागतो, आणि त्यानंतर 'आरटी व्हीपीएन एक्स्पोर्ट'मधली टार्गेटं रूटवर आधीच असलेल्या कम्युनिटींत मिसळली जातात. याचे परिणाम दोन. पहिला असा की रूट-मॅपने जास्तीचं टार्गेट देता येतं, मूळ टार्गेट टाळता येत नाही. दुसरा परिणाम झोप उडवणारा आहे. ग्राहकाच्या सीई राउटरने (ग्राहकाच्या बाजूच्या टोकाच्या राउटरने) ईबीजीपीवर रूट पाठवतानाच त्यावर एखादं रूट टार्गेट लावून पाठवलं, तर ते तसंच राहतं आणि तुमच्या टार्गेटाच्या जोडीने व्हीपीएनमध्ये जातं. रेडच्या ग्राहकाने ब्लूचा आकडा लावला की त्याचा प्रीफिक्स ब्लूच्या टेबलात. तो डीफॉल्ट रूट असेल तर काय होईल हे सांगायला नको. आकडा ओळखणं कठीण नसतं: बहुतेक जण एएस नंबर आणि पुढे १००, २००, ३०० असंच लावतात.

आणि तो आकडा ओळखायचीही गरज पडू नये अशी सोय एफआरआर स्वतः करून ठेवतं. प्रत्येक शेजाऱ्याला साध्या, एक्स्टेंडेड आणि लार्ज, तिन्ही कम्युनिटी पाठवायचं इथे मुळातच चालू असतं. व्हीपीएनमधून व्हीआरएफमध्ये आलेल्या रूटवर रूट टार्गेट तसंच राहतं. ते एएसबाहेर जाऊ शकणारं, मग ते सीईपर्यंत पोचतं. ग्राहकाला तुमच्या आतल्या खुणा वाचायला मिळतात.

म्हणून सीईकडच्या प्रत्येक सेशनवर हे दोन्ही बाजूंनी बंद करायचं. बाहेर जाताना व्हीआरएफच्या ॲड्रेस-फॅमिलीत 'नो नेबर १९२.०.२.२ सेंड-कम्युनिटी एक्स्टेंडेड'. आत येताना:

रूट-मॅप सीई-आत परमिट १०
 मॅच आयपी ॲड्रेस प्रीफिक्स-लिस्ट रेड-मंजूर
 सेट एक्स्टकम्युनिटी नन

शेवटच्या ओळीने सगळ्या एक्स्टेंडेड कम्युनिटी जातात. यादीत नसलेला प्रीफिक्स पुढच्या न लिहिलेल्या नकारावर आपटतो, म्हणजे वेगळी 'डिनाय'ची ओळ लागत नाही. 'नन'नंतर स्वतःचं एखादं टार्गेट लावायचं असेल तर ते त्याच क्रमांकात कोंबू नका. १० मध्ये 'नन' आणि 'ऑन-मॅच नेक्स्ट', २० मध्ये 'सेट एक्स्टकम्युनिटी आरटी'. असं वेगळं लिहिलं की क्रमाबद्दल शंका उरत नाही, आणि सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही कळतं.

निवडक काढणं ही एफआरआरची लंगडी बाजू. साध्या आणि लार्ज कम्युनिटीसाठी यादी देऊन तेवढ्याच पुसण्याची सोय जुनी आहे. एक्स्टेंडेडसाठीची 'सेट एक्स्टेंडेड-कॉम-लिस्ट ... डिलीट' ही कमांड अलीकडच्या आवृत्त्यांतच आली. जुन्या डेबियनच्या स्वतःच्या भांडारातलं पॅकेज वापरत असाल तर ती मिळणार नाही. प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातून 'एफआरआर-स्टेबल' घ्या. तोवर 'नन'ने सगळं पुसून हवं ते परत लावणं, एवढाच मार्ग.

सामायिक सेवांचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे, कारण एफआरआरचा हा मिळवण्याचा स्वभाव तिथे फायद्याचा ठरतो. रेडमधल्या फक्त एका सर्व्हरचा प्रीफिक्स, समजा १९८.५१.१००.१०/३२, सगळ्या ग्राहकांना दाखवायचा आहे. 'रूट-मॅप व्हीपीएन एक्स्पोर्ट'मध्ये परमिट १० वर त्या प्रीफिक्सला जुळवून ६४५००:९०० लावा, आणि परमिट २० रिकामं ठेवा. बाकी व्हीआरएफ ६४५००:९०० इम्पोर्ट करतील. मूळ १०० आपोआप मिसळलं जाणारच असल्याने रेडमध्ये काही बिघडत नाही. परमिट २० विसरलात तर मात्र रेडचे बाकीचे सगळे प्रीफिक्स व्हीपीएनमधून गायब. परतीचा रस्ताही विसरू नका: ग्राहकांचे प्रीफिक्स रेडमध्ये आले नाहीत तर सर्व्हरकडून उत्तर येणार नाही.

जुळवणीच्या याद्या दोन तऱ्हेच्या. 'बीजीपी एक्स्टकम्युनिटी-लिस्ट स्टँडर्ड'मध्ये एका ओळीत दोन टार्गेटं लिहिली तर दोन्ही असली पाहिजेत; वेगवेगळ्या ओळींत लिहिली तर कुठलंही एक चालतं. 'एक्स्पांडेड'मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालतं, आणि तिथे हमखास पाय घसरतो. 'आरटी:६४५००:१०' लिहिलं की ते १०० ला, १०१ ला, १०००० लाही जुळतं. शेवटी डॉलर लावणंही पुरत नाही, कारण जुळवणी रूटवरच्या सगळ्या एक्स्टेंडेड कम्युनिटींच्या एका सलग ओळीशी होते. हवं ते टार्गेट मधोमध असेल तर डॉलर जुळतच नाही. दोन्ही टोकांना अंडरस्कोर लावा, तो मोकळी जागा, सुरुवात आणि शेवट या सगळ्यांना चालतो. शक्य असेल तिथे 'स्टँडर्ड'च वापरा. एक्स्प्रेशन लिहिण्यात हुशारी दिसते, पण रात्री दोन वाजता ती वाचायची असते.

आकड्यांच्या प्रकाराचा घोळ फार कमी लोकांना माहीत असतो. ६४५००:१०० हे टार्गेट दोन तऱ्हांनी बाइटांत बसतं. दोन बाइटांच्या एएसच्या प्रकारात ते ०० ०२ एफबी एफ४ ०० ०० ०० ६४ असं होतं. चार बाइटांच्या प्रकारात, जो आरएफसी ५६६८ मध्ये आला, ते ०२ ०२ ०० ०० एफबी एफ४ ०० ६४ होतं. डोळ्यांना एकच, राउटरला दोन वेगळ्या वस्तू. एफआरआर आकडा बघून प्रकार ठरवतं: एएस ६५५३५ पर्यंत असेल तर पहिला, त्यावर असेल तर दुसरा. जुनिपर कंपनीच्या राउटरवर एएसच्या पुढे 'एल' लावून लहान एएससुद्धा चार बाइटांत लिहिता येतो. समोर जुनिपर असेल, टार्गेट सारखंच दिसत असेल आणि तरीही इम्पोर्ट होत नसेल, तर तो 'एल' शोधा.

चार बाइटांचा एएस घेतला की पुढच्या आकड्याला दोनच बाइट उरतात, म्हणजे ६५५३५ ही मर्यादा. ग्राहक क्रमांक सहा आकडी असतील तर ते बसत नाहीत. आपल्याकडच्या लहान इंटरनेट कंपन्यांना हे लगेच भिडतं, कारण गेल्या काही वर्षांत मिळालेले एएस नंबर बहुतेक सहा आकडी, म्हणजे चार बाइटांचेच आहेत. त्यांनी व्हीपीएनच्या आतल्या टार्गेटांसाठी दोन बाइटांचा खासगी एएस, ६४५१२ ते ६५५३४ मधला, वापरावा. आतली खूण आहे, बाहेर जाऊ द्यायची नाहीच. आणि अपस्ट्रीमला (तुम्हाला इंटरनेट देणाऱ्या कंपनीला) 'हा रूट अमक्या शेजाऱ्याला देऊ नकोस' एवढंच सांगायचं असेल तर एक्स्टेंडेड कम्युनिटीच्या नादाला लागू नये. तुमचा चार बाइटी एएस आणि समोरच्याचा चार बाइटी एएस मिळून आठ बाइट होतात, जागा सहाची. त्या कामासाठी २०१७ मधल्या आरएफसी ८०९२ च्या लार्ज कम्युनिटी आहेत, चार-चार बाइटांचे तीन रकाने. एफआरआर त्या उत्तम सांभाळतं.

दुसऱ्या कंपन्यांच्या राउटरशी जोडताना दोन गोष्टी आधी तपासा. आयओएसवर व्हीपीएनव्ही४ चा शेजारी ॲक्टिव्हेट केला की एक्स्टेंडेड पाठवण्याची ओळ आपोआप येते. साध्या आयपीव्ही४ सेशनवर ती हाताने द्यावी लागते. आयओएस एक्सआर ईबीजीपीवर एक्स्टेंडेड कम्युनिटी पाठवत नाही, त्यासाठी वेगळी 'सेंड-एक्स्टेंडेड-कम्युनिटी-ईबीजीपी' ओळ लागते. एफआरआरच्या बाजूने ईबीजीपीवर पॉलिसी नसेल तर काहीच येत-जात नाही आणि समरीत आकड्याच्या जागी 'पॉलिसी' हा शब्द दिसतो. आरएफसी ८२१२ ची ही शिस्त आहे. 'नो बीजीपी ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी' टाकून ती मोडू नका. कॉन्फिग 'डेटासेंटर' प्रोफाइलने सुरू केलेली असेल तर ती आधीच मोडलेली असते, तेवढं पाहा.

पीईवर सढळपणाचा आणखी एक नमुना: कुठल्याही स्थानिक व्हीआरएफला नको असलेले व्हीपीएन रूटसुद्धा एफआरआर ठेवून घेतं. दोन व्हीआरएफच्या छोट्या डब्यावर अख्ख्या जाळ्याचे रूट मेमरीत बसतात. व्हीपीएनच्या ॲड्रेस-फॅमिलीत 'नो बीजीपी रिटेन रूट-टार्गेट ऑल' दिलं की नको ते टाकून देतं. रूट रिफ्लेक्टरवर (पीईंचे रूट एकमेकांना पोचवणाऱ्या राउटरवर) मात्र ही ओळ चुकूनही नको. तिथे व्हीआरएफच नसतात, सगळंच नको ठरेल.

बदल करण्याच्या पद्धतीबद्दल तक्रार ठाम आहे. जुनिपरसारखं 'कमिट' इथे नाही. एफआरआरच्या व्हीटीवाय शेलमध्ये रूट-मॅपची ओळ बदलली की ५ सेकंदांनी ती लागू होते, मग तुमचं बाकीचं लिहून झालेलं असो वा नसो. परमिट १० पुसून नवीन लिहिताना फोन आला, तर अर्धवट पॉलिसी चालू. 'बीजीपी रूट-मॅप डिले-टायमर' वाढवता येतो, पण तो इलाज नव्हे. फाइलमध्ये बदल करा आणि 'एफआरआर-रीलोड' ही स्क्रिप्ट आधी 'टेस्ट' पर्यायाने चालवा. काय पुसलं जाईल आणि काय जोडलं जाईल ते ती छापते. मग 'रीलोड'. स्क्रिप्ट 'एफआरआर-पायथनटूल्स' या वेगळ्या पॅकेजात येते, ते नसेल तर सर्व्हिसचं रीलोडही फसतं. ती आधी पुसते आणि मग जोडते, हेही ध्यानात असू द्या: सीई-आतसारखा रूट-मॅप बदलायचा तर नवीन नावाने पूर्ण लिहा, शेजाऱ्यावर नाव बदला, जुना नंतर काढा.

लिंक बँडविड्थ हा भाग मात्र मनापासून आवडण्यासारखा. दोन रस्ते, एक १ गिगाबिटचा आणि एक १० गिगाबिटचा, आणि ट्रॅफिक त्याच प्रमाणात वाटायचं: 'सेट एक्स्टकम्युनिटी बँडविड्थ' एवढंच. आकडा मेगाबिटमध्ये द्यायचा. बऱ्याच आवृत्त्यांत मर्यादा २५६०० ची आहे, १०० गिगाबिटची लिंक असेल तर प्रमाण सांभाळून लहान आकडे द्या. 'नम-मल्टिपाथ्स' लिहिलं तर मागे किती समान रस्ते आहेत तोच आकडा जातो, एनीकास्ट सर्व्हरांसाठी (एकच पत्ता असलेल्या अनेक सर्व्हरांसाठी) झकास. सगळ्या रस्त्यांवर ही कम्युनिटी असेल तरच वाटणी प्रमाणात होते. एकावर नसेल तर सरळ समान वाटणी होते. हे नको असेल तर 'बीजीपी बेस्टपाथ बँडविड्थ' ला 'स्किप-मिसिंग' किंवा 'डीफॉल्ट-वेट-फॉर-मिसिंग' सांगायचं. दुसऱ्यात न सांगणाऱ्या रस्त्याला वजन १ मिळतं. रस्ते वेगवेगळ्या एएसमधून येत असतील तर 'मल्टिपाथ-रिलॅक्स'ही लागेल.

इथला खड्डा जुन्या एफआरआरशी बोलताना येतो. बँडविड्थ सेकंदाला किती बाइट या हिशेबात, फ्लोटिंग पॉइंट स्वरूपात जाते. जुन्या आवृत्त्या तो साधा पूर्णांक धरत. १ गिगाबिट म्हणजे १२५०००००० बाइट, फ्लोटिंगमध्ये ४सीईई६बी२८. हेच पूर्णांक म्हणून वाचलं तर सुमारे १०.३ गिगाबिट निघतात. १० गिगाबिटचं ४ई९५०२एफ९ होतं, ते वाचलं जातं सुमारे १०.५ गिगाबिट. म्हणजे एकास दहाचं प्रमाण जवळजवळ एकास एक होतं, छोटी लिंक भरून वाहते आणि दोन्ही राउटरांवर कॉन्फिग मात्र अगदी बरोबर दिसते. जुना शेजारी असेल तर त्याच्यासाठी 'डिसेबल-लिंक-बीडब्ल्यू-एन्कोडिंग-आयईईई' लावा, आणि त्याला अपग्रेड केल्यावर काढायला विसरू नका.

ईव्हीपीएनमध्ये (बीजीपीवर चालणाऱ्या इथरनेट व्हीपीएनमध्ये) रूट टार्गेट आपोआप बनतं: एएस आणि व्हीएनआय (त्या आभासी जाळ्याचा क्रमांक). एएस चार बाइटांचा असेल तर त्याचे खालचे १६ बिटच घेतले जातात, कारण व्हीएनआयला जागा हवी. प्रत्येक लीफला (सर्व्हर जोडलेल्या स्विचला) वेगळा एएस असला तरी एफआरआर इम्पोर्ट करताना फक्त व्हीएनआय बघतं, म्हणून सगळीकडे एफआरआर असेल तर हात लावावा लागत नाही. दुसऱ्या कंपनीचा लीफ मध्ये आला की स्वयंचलितपणाचा मोह सोडा आणि दोन्हीकडे टार्गेट हाताने लिहा.

दोन पीईंना जोडलेल्या ग्राहकासाठी साइट ऑफ ओरिजिन आता शेजाऱ्याच्या एका ओळीत लावता येतं: 'नेबर १९२.०.२.२ एसओओ ६४५००:७'. त्या शेजाऱ्याकडून येणाऱ्या सगळ्या रूटवर खूण लागते आणि तीच खूण असलेले रूट त्याला परत दिले जात नाहीत. 'एएस-ओव्हरराइड' किंवा 'अलाउएएस-इन' वापरणाऱ्यांनी हे लावल्याशिवाय राहूच नये, कारण एएस पाथची लूप तपासणी त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलेली असते. एका साइटच्या दोन्ही पीईंवर एसओओचा आकडा एकच हवा.

बर्ड या दुसऱ्या राउटिंग सॉफ्टवेअरशी तुलना होणारच. इंटरनेट एक्स्चेंजवरचा रूट सर्व्हर उभा करायचा असेल तर बर्डच घ्या. त्याच्या फिल्टरच्या भाषेत 'या एएसची सगळी रूट टार्गेटं काढ' हे एका ओळीत, तारा (*) लावून लिहिता येतं, आणि निवडक काढण्याचं एफआरआरचं दुखणं तिथे नाहीच. पण एमपीएलएस लेबलं, व्हीआरएफ, एलडीपी हे सगळं एका शेलमधून सांभाळायचं आणि सिस्को शिकलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी कामाला लावायचं, तर एफआरआर सोयीचं.

पाहण्याच्या कमांडींबद्दल तक्रारीला जागा नाही. 'शो बीजीपी आयपीव्ही४ व्हीपीएन १९८.५१.१००.१०/३२' मध्ये 'एक्स्टेंडेड कम्युनिटी: आरटी:६४५००:१०० आरटी:६४५००:९००' असं स्वच्छ दिसतं. 'शो बीजीपी व्हीआरएफ रेड आयपीव्ही४ युनिकास्ट रूट-लीक' इम्पोर्ट-एक्स्पोर्टची टार्गेटं आणि लावलेले रूट-मॅप एकत्र देतं. बहुतेक कमांडींच्या शेवटी 'जेसन' लावता येतं, आणि पीईवर पहिल्या आठवड्यातच करण्यासारखं काम तेच आहे: व्हीपीएन टेबल दर पाच मिनिटांनी जेसनमध्ये काढायचं, प्रत्येक आरडीला कुठली रूट टार्गेटं चालतात त्याची एक छोटी फाइल ठेवायची, आणि त्या फाइलीत नसलेलं टार्गेट कुठल्याही रूटवर दिसलं की अलार्म वाजवायचा. पायथनच्या तीस-चाळीस ओळींत होतं.